सीटीची सीडी जपून ठेवा : काकाजींच्या हातातलं प्लास्टिकचं हाड आणि नाकामागच्या शस्त्रक्रियेतलं थ्रीडी प्रिंटिंग

वर्धाकाठची · सोमवार, रात्री ९:४०

माझ्या काकाजींनी गेल्या महिन्यात स्वतःच्या चेहऱ्याचं हाड हातात धरलं. भुवयांपासून वरच्या दातांपर्यंतचा भाग, सीटीवरून थ्रीडी प्रिंटरवर छापलेला, पांढऱ्या प्लास्टिकचा, वजन पावशेराच्या आत. डॉक्टरसाहेबांनी ते टेबलावर न ठेवता सरळ त्यांच्या हातात दिलं. काकाजींनी आधी उजव्या गालाच्या हाडावरून अंगठा फिरवला, मग डावीकडे आले आणि अंगठा आत गेला. गालाचं हाड नाही, वरचा जबडा नाही, अर्धी टाळू नाही, डोळ्याखालची हाडाची फळी नाही. साडेचार वर्षं हे भगदाड ते तोंडात घेऊन जगत होते, पण डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी. "पाय वं पोरी, एवढं गेलं होय माह्यं," इतकंच बोलले. काकू बाजूला उभी होती. तिनं पदरानं ते प्लास्टिक पुसलं. धूळ काही नव्हती त्यावर.

मे २०२१. काकाजींना कोरोना झाला, साखर आधीपासून होती, त्यात स्टेरॉइड. घरी आल्यावर आठव्या दिवशी डावा गाल बधिर, नाकातून काळसर खपल्या. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. तुम्हाला आठवत असेल, जुलै २०२१ पर्यंत देशात ४५,००० हून जास्त रुग्णांची नोंद झाली होती, आणि त्यावरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक रात्र रात्र फिरत होते. आमच्या वर्ध्यातच तेव्हा त्याचं उत्पादन सुरू झालं. काकाजींचा जीव वाचला, डोळाही राहिला, पण डाव्या बाजूचा वरचा जबडा काढावा लागला.

नंतरचं जगणं बाहेरच्यांना दिसत नाही. पाणी प्यायलं की नाकातून येतं. टाळूला लावायची दातांच्या डॉक्टरांनी दिलेली पट्टी सैल झाली की बोलणं गेंगाणं होतं, पोरंसोरं परत परत "काय?" विचारतात. डावा डोळा खाली उतरला, त्यामुळे एकाच्या दोन वस्तू दिसतात. काकाजींनी पंगतीत बसणं सोडलं. माझ्या भावाच्या लग्नात मांडवामागं एकटे बसून जेवले, हे मला आजही टोचतं.

यंदा डोळ्याखालची फळी आणि गालाचा आधार पुन्हा उभा करायचं ठरलं. त्यासाठी सीटी हवी होती. ती आम्ही सहा महिन्यांपूर्वीच तालुक्याच्या गावी एका सेंटरवर काढली होती. सेंटरचं नाव लिहीत नाही. त्यांनी फिल्म दिली, रिपोर्ट दिला. सीडी मागितल्यावर दिली, पण तिच्यात फिल्मवरचेच फोटो होते, पाच पाच मिलिमीटर अंतराचे. डॉक्टरसाहेब म्हणाले, यावरून मॉडेल होत नाही. ऐन कापूस वेचणीत पुन्हा ७० किलोमीटर जाणं, पुन्हा पैसे, काकाजींच्या डोक्याला पुन्हा एक्स-रे. पहिल्याच वेळी काय मागायचं हे ठाऊक असतं तर हे सगळं टळलं असतं. म्हणून हा धागा. जाणकारांनी नीट लिहावं. आपल्या भागात अपघात आहेत, बैलाचं शिंग लागलेले आहेत, म्युकरमधून वाचलेले आहेत. त्यांच्या घरच्यांना हे कामी यावं.

---

एक_वऱ्हाडी · सोमवार, रात्री १०:०५

ताई, काकाजीचं वाचून जीव कसातरी झाला. आमच्या गावात बी दोघं होते म्युकरचे, एक गेला. मले एक समजून नाई राह्यलं. प्रिंटर तं कागदावर छापते. हाडाचा आकार त्याच्यातून निंगते कसा? अन् सीटी तं काळ्या फोटोवानी राह्यते, तिच्यातून हातात धराची वस्तू कशी होते? कोणी सोपं करून सांगा. माहा पोरगा बारावीले हाये, त्याले बी वाचून दाखवतो.

---

रीळ_आणि_नळी · सोमवार, रात्री ११:२०

भाऊ, मी अमरावतीचा, यंत्र अभियंता. घरी दोन प्रिंटर आहेत आणि दोन-तीन डॉक्टरांसाठी मॉडेल करून देतो, म्हणून सांगतो.

उन्हाळ्यात घरी कुरोड्या घालतात ते डोळ्यांसमोर आणा. सोऱ्यातून गव्हाच्या चिकाची तार निघते, हात गोल फिरतो, तारेवर तार बसते. माझा साधा प्रिंटर हेच करतो. प्लास्टिकच्या तारेचं रीळ असतं, ती साधारण २०० अंशांना वितळते, ०.४ मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर येते आणि नळी संगणकाच्या सांगण्याप्रमाणे फिरते. एक थर झाला की त्यावर दुसरा, जाडी ०.२ मिलिमीटर. काकाजींच्या मॉडेलची उंची नऊ सेंटिमीटर धरली तर असे ४५० थर. संध्याकाळी लावलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हातात येतं.

दुसरी जात पातळ राळेची. एका ट्रेमध्ये राळ असते, तिच्यावर जिथे प्रकाश पडेल तेवढीच घट्ट होते. यात थर ०.०५ मिलिमीटरपर्यंत पातळ येतो, आणि पारदर्शक वस्तूही होते. सगळ्यात जुनी पद्धत हीच. चार्ल्स हल या अमेरिकी अभियंत्यानं १९८४ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९८६ मध्ये ते मिळालं. तिसरी धातूची. टायटॅनियमची भुकटी पसरून लेझरनं थराथरानं वितळवतात. ती घरगुती नाही, कारखान्यातच होते.

आता सीटीचं. सीटी म्हणजे डोक्याचे आडवे काप, पावाच्या स्लाइससारखे. प्रत्येक कापातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. हवा उणे १०००, पाणी ०, हाड काही शेकड्यांच्या वर. संगणकाला सांगायचं, अमुक आकड्याच्या वरचं तेवढं उचल, म्हणजे हाड वेगळं निघतं. थ्रीडी स्लायसर आणि इनव्हेसालियस ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत, तुमचा पोरगा आजच उतरवून पाहू शकतो. पण इथेच खरी मेहनत आहे. नाकाच्या भोवतीची हाडं इतकी पातळ असतात की तो आकडा पुरेसा वर जातच नाही, आणि मॉडेलमध्ये नसलेली भोकं दिसायला लागतात. मग एकेक काप उघडून हातानं भरावं लागतं. छपाईला एक रात्र, पण या कामाला माझ्या तीन संध्याकाळी जातात.

---

सीटीवाला · मंगळवार, सकाळी ७:५०

यवतमाळ जिल्ह्यात सीटी टेक्निशियन आहे. ताईंना झालेला त्रास माझ्या डोळ्यांसमोर रोज घडतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

मशीन स्कॅन पातळच घेतं. फिल्मवर जागा कमी म्हणून पाच मिलिमीटरचे जाड काप करून छापतात. पातळ कापांचा संच वेगळा करून सीडीवर टाकावा लागतो. कुणी मागितलाच नाही तर गर्दीत तो राहून जातो. मशीनमधला मूळ डेटा काही दिवसांतच पुसला जातो, कारण जागा नसते. महिन्यानं येऊन "पातळ काप द्या" म्हटलं तर माझ्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. म्हणून स्कॅनच्या दिवशीच, टेबलावर झोपण्याआधी सांगा.

खिडकीवर हे एवढंच वाक्य बोला : "डायकॉम सीडी पाहिजे, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांची, बोन आणि सॉफ्ट टिश्यू दोन्ही." बोन म्हणजे हाडाचा संच, सॉफ्ट टिश्यू म्हणजे मऊ भागाचा. डायकॉम म्हणजे मोजमापांसकटच्या मूळ फाइली, हा शब्द महत्त्वाचा आहे. तो नाही म्हटला तर नुसते फोटो मिळतात, आणि फोटोमधून मोजमाप निघत नाही. प्रिंटसाठी बहुतेक वेळा सॉफ्ट टिश्यूचा संचच जास्त कामाचा ठरतो. बोनच्या संचात कडा ठसठशीत दिसतात, पण चित्र खरखरीत येतं.

मशीनचं वर्तुळ तिरपं न करता सरळ ठेवायचं, नाहीतर मॉडेलचा आकार बिघडू शकतो. हे काम आमचं आहे, पण नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर "प्लॅनिंगसाठी" असं लिहून दिलं तर टेक्निशियनलाही कळतं. दातांत चांदी भरलेली असेल तर आधी सांगा, तिच्यामुळे चित्रात पांढरे फराटे येतात. आणि हलू नका. एवढंच तुमच्या हाती आहे, पण सगळ्यात मोठं तेच आहे.

सीडी घरी नेली की पेन ड्राइव्हवर एक प्रत करून ठेवा. सीडीवर ओरखडे पडतात. फिल्म गादीखाली जपून ठेवणारी आणि सीडी पोरांना खेळायला देणारी घरं मी पाहिली आहेत.

---

नाकामागची_वाट · मंगळवार, दुपारी २:१५

मी नाक-कान-घशाचा सर्जन, नागपुरात काम करतो, मूळचा पांढरकवड्याकडचा. धागा सुरू केल्याबद्दल ताईंचे आभार. दोन बाजू मांडतो.

नाकाच्या आत दुर्बीण घालून आम्ही मागे मागे गेलो की कवटीचा तळ लागतो. मेंदू आणि नाक यांच्यामध्ये जे छत आहे, त्याच्या एका कडेचं हाड ०.२ मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतं. डोळा आणि नाक यांच्यामधल्या हाडाचं नावच कागदावरून पडलंय, लॅमिना पॅपिरेशिया. ते फुटलं की डोळा धोक्यात. त्याच्या मागे स्फेनॉइड नावाची पोकळी. तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीत मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या, वर डोळ्यांच्या नसा, आणि मध्ये पीयूषिका ग्रंथी, वाटाण्याएवढी.

माझा एक रुग्ण, वय पन्नाशीच्या पुढे, शेतकरी. डवरा हाकताना दोन्ही बाजूंची तुरीची तासं दिसेनाशी झाली, समोरचं मात्र दिसत होतं. वर्षभर चष्म्याचे नंबर बदलत राहिले. शेवटी पीयूषिका ग्रंथीत गाठ निघाली, ती खालून डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाबत होती. नाकातून जाऊन ती काढायची होती. आम्ही पारदर्शक राळेत मॉडेल करून घेतलं, धमन्या लाल रंगवल्या. मॉडेल प्रकाशासमोर धरलं तेव्हा दिसलं, की स्फेनॉइडच्या आतला हाडाचा पडदा मध्ये न उतरता वाकडा जाऊन थेट डाव्या धमनीच्या भिंतीवर टेकलाय. तो पडदा चिमट्यानं धरून पिरगाळला असता तर धमनी फाटू शकली असती. आम्ही तो न पिरगाळता ड्रिलनं हळूहळू झिजवला. हे सीटीच्या कापांतही दिसतं. पण कापात दिसणं आणि चार जणांनी हातात फिरवून "इथून नको" असं ठरवणं, यात फरक आहे. माझ्या सहकारी नर्सनंही ते मॉडेल पाहिलं होतं, त्यामुळे कुठल्या क्षणी ड्रिल मागणार हे तिला आधीच माहीत होतं.

आता दुसरी बाजू. नाकाचं साधं वाकडं हाड, साधे पॉलिप म्हणजे नाकातले कोंब, साधा सायनस, यांना मॉडेलची गरज नाही. उगाच मागू नका, आणि कुणी उगाच विकत असेल तर घेऊ नका. म्युकरच्या पहिल्या ऑपरेशनलाही कुणी मॉडेलची वाट पाहत नाही. ती बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, तिथे वेळ घालवणं म्हणजे आणखी हाड गमावणं. मॉडेलचा उपयोग नंतर, रोग पूर्ण गेलाय याची खात्री झाल्यावर, काकाजींसारख्या पुनर्बांधणीच्या वेळी. शिवाय प्लास्टिकमध्ये रक्तस्राव नसतो, सूज नसते, आतली त्वचा नसते. प्रत्यक्ष ऑपरेशनमध्ये हत्याराचं टोक कुठे आहे हे पडद्यावर दाखवणारी नेव्हिगेशन यंत्रणा वेगळी. मॉडेल तिची जागा घेत नाही, आणि तीसुद्धा दोन मिलिमीटरपर्यंत चुकू शकते हे धरूनच आम्ही काम करतो.

---

वर्धाकाठची · मंगळवार, संध्याकाळी ६:३०

डॉक्टरसाहेब, तुरीच्या तासांचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे किती जण "नजर कमी झाली" म्हणून गप्प बसतात.

एक विचारते. काकाजींसाठी त्यांच्या डॉक्टरांनी दोन मॉडेल केली होती. एक आहे तसं, आणि दुसऱ्यात डावी बाजू भरलेली होती. म्हणाले, उजवी बाजू आरशासारखी उलटवून डावीकडे लावली. माणसाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात का?

---

नाकामागची_वाट · मंगळवार, रात्री ९:००

अगदी सारख्या नसतात, ताई. पण जो भाग उरलाच नाही त्याचा अंदाज घ्यायला स्वतःच्याच दुसऱ्या बाजूइतका जवळचा नमुना दुसरा नाही. भरलेल्या मॉडेलवर टायटॅनियमची जाळी आधीच वाकवून ठेवतात, मग ती जाळी निर्जंतुक करतात. ऑपरेशनच्या टेबलावर रुग्णाच्या उघड्या जखमेत जाळी दहा वेळा घालून काढून बघावी लागत नाही. वेळ वाचतो, डोळ्याला धक्का कमी बसतो. डोळ्याच्या खोबणीचा आकार एक-दोन मिलिमीटरनं जरी चुकला तरी डोळा आत किंवा खाली राहतो आणि दोन दोन दिसणं जात नाही. दोन्ही बाजू गेलेल्या असतील तर मात्र आरशाची युक्ती चालत नाही, मग सर्जनच्या अनुभवावर काम करावं लागतं.

साधं प्लास्टिकचं मॉडेल जखमेजवळ जाऊ देत नाही. वाफेच्या यंत्रात १२१ अंशांना ते मऊ पडून वाकडं होईल. आम्ही ते निर्जंतुक पारदर्शक पिशवीत घालून बाजूला ठेवतो आणि बघत काम करतो.

---

इतिहासाची_पानं · मंगळवार, रात्री ९:४५

या विषयात एक मराठी माणूस फार आधी येऊन गेलाय, त्याची आठवण इथे झालीच पाहिजे.

१७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी इंग्रज फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभरानं पुण्याजवळ एका कुंभारानं त्याला नवीन नाक करून दिलं, दोन इंग्रज डॉक्टरांच्या समोर. ती हकीकत चित्रासह ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली, आणि ती वाचून तिकडच्या सर्जननी हे ऑपरेशन शिकून घेतलं. जोसेफ कार्पू यांनी १८१४ मध्ये लंडनला ते केलं.

मला सांगायचंय ते त्या कुंभाराच्या पहिल्या पायरीबद्दल. त्यानं आधी मेणाची पातळ चकती कापलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घडवला. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवली, तिच्या कडेनं रेघ मारली आणि तेवढीच कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली. त्या माणसाच्या मापाचा नमुना आधी बाहेर घडवायचा आणि मग सुरी लावायची, हे त्याला कळत होतं. वर डॉक्टरांनी जाळी मॉडेलवर वाकवल्याचं लिहिलंय ते वाचताना मला ते मेण दिसत होतं.

---

मिरचीची_ओळ · मंगळवार, रात्री ११:१०

पहिल्यांदाच लिहिते आहे, भिवापूरकडून. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या जाऊबाई, वय ३८. वर्ष झालं, निंदायला वाकली की उजव्या नाकपुडीतून पाणी टपकते. शेंबूड नाही, स्वच्छ पाणी. मातीवर थेंब थेंब पडते. घशात उतरलं की खारट लागतं म्हणते. रुमाल वाळला तरी कडक होत नाही. गावातल्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीची सर्दी म्हणून गोळ्या दिल्या, आठ महिने घेतल्या, फरक नाही. मध्यंतरी डोकं फार दुखलं म्हणून सीटी काढली होती. फिल्म घरी आहे. वर डॉक्टरांनी नाकाच्या छताबद्दल लिहिलं ते वाचल्यापासून झोप येत नाही. तिचंही मॉडेल करावं लागेल का? खर्च किती येईल?

---

नाकामागची_वाट · बुधवार, सकाळी ६:२०

ताई, तुम्ही जे लिहिलं ते एखाद्या निष्णात डॉक्टरनं लिहावं इतकं नेमकं आहे. मॉडेलचा विचार आत्ता बाजूला ठेवा. आधी हे पाणी मेंदूभोवतीचं आहे का ते पाहायचं. छताला बारीक छिद्र असेल तर असंच एका बाजूनं, वाकल्यावर गळतं. पडल्यामुळे होतं, तसं काही न लागताही होतं. त्या वाटेनं जंतू वर गेले तर मेंदूज्वर होतो, म्हणून उशीर नको. ताप, मान अवघडणं, उलटी, भ्रम, यातलं काहीही झालं तर रात्रीसुद्धा थेट मोठ्या दवाखान्यात. नाक जोरात शिंकरू देऊ नका, जड उचलू देऊ नका, निंदणी बंद.

ते पाणी स्वच्छ बाटलीत धरून बीटा-टू ट्रान्सफेरिन नावाची तपासणी करतात. हे प्रथिन मेंदूच्या पाण्यात असतं, शेंबडात नसतं. मग पातळ कापांची सीटी आणि गरज पडली तर एमआरआय. छिद्र सापडलं की नाकातूनच दुर्बिणीनं बुजवता येतं, वरून डोकं उघडावं लागत नाही. मोठं छिद्र असेल तर नाकाच्या मधल्या पडद्याची आतली त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट वळवून वर लावतात. अशा गळतीला बहुतेक वेळा मॉडेल लागतच नाही. पण त्या जुन्या सीटीची सीडी लागेल. शोधा.

---

पहिलं_वर्ष · बुधवार, दुपारी १:३०

मी नाक-कान-घशाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. मॉडेलचा माझ्यासारखीला काय उपयोग होतो ते सांगते.

पहिल्यांदा दुर्बीण डाव्या हातात धरली ती छापलेल्या नाकात. चार मिलिमीटरची नळी, पडद्यावर चित्र, उजव्या हातात हत्यार. पहिले आठ दिवस दोन्ही हात एकमेकांवर आपटत होते. ते सगळं आपटणं प्लास्टिकवर झालं, कुणाच्या नाकात नाही. डोळ्याकडची भिंत मी तीन वेळा फोडली. तिसऱ्या वेळी सरांनी मॉडेल माझ्या हातात दिलं आणि बाहेरून बोट घालून दाखवायला सांगितलं की मी कुठे पोहोचले होते. बोटाचं टोक डोळ्याच्या खोबणीत निघालं. ती जागा मी आता विसरणं शक्य नाही.

देहदानातून मिळालेल्या देहावरचं शिक्षण याहून खूप वरचं आहे, पण ते रोज मिळत नाही. मॉडेल रोज मिळतं. एक अडचण नोंदवते : साध्या प्लास्टिकवर ड्रिल चालवलं की ते घर्षणानं वितळून ड्रिलला चिकटतं, हाडासारखी भुकटी पडत नाही. पांढऱ्या भुकटीपासून केलेली प्लास्टरसारखी मॉडेल त्या बाबतीत हाडाच्या जास्त जवळ जातात.

---

रीळ_आणि_नळी · बुधवार, रात्री ८:४५

वर खर्च विचारलाय. माझ्याकडे एक किलोचं रीळ हजार-बाराशेच्या आसपास पडतं, अर्ध्या चेहऱ्याला दीडशे-दोनशे ग्रॅम लागतं. वीज आणि प्रिंटरची झीज धरा. म्हणजे साहित्य फार नाही, माणसाचा वेळ जास्त. पारदर्शक राळ महाग. आणि टायटॅनियमचा खास त्या रुग्णाच्या मापाचा तुकडा छापून घ्यायचा तर आकडा लाखांच्या घरात जाऊ शकतो. सरकारी योजनेत काय बसतं हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

शरीरात बसणाऱ्या वस्तूंना २०१७ चे वैद्यकीय उपकरणांचे नियम लागू आहेत. माझ्यासारख्याच्या घरच्या प्रिंटरवरचं काहीही शरीरात जात नाही, जाऊ नये. मी फक्त बघायचं आणि मोजायचं मॉडेल करतो.

एक प्रसंग सांगतो, तो मनात घर करून आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक मॉडेल चंद्रपूरला पोहोचवायचं होतं. गाडी दोन तास उन्हात उभी राहिली. बाहेर पारा ४५ च्या वर, बंद गाडीत किती असेल कल्पना करा. हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. पोहोचलो तेव्हा मॉडेल वरवर ठीक दिसत होतं. पण मी देण्याआधी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावतोच. दोन्ही खोबण्यांमधलं अंतर सीटीवरच्या मापापेक्षा तीन मिलिमीटर जास्त भरलं. कडा फाकल्या होत्या. त्यावर जाळी वाकवली असती तर काय झालं असतं? परत आलो, रात्रभर नवीन छापलं, थर्मासच्या डब्यात घालून पहाटे निघालो.

तेव्हापासून प्रत्येक मॉडेलवर तीन मापं लिहून देतो आणि डॉक्टरांना समोर मोजायला सांगतो. छपाईच्या फाइलमध्ये मिलिमीटर की इंच हे लिहिलेलंच नसतं, तिथेही चूक होऊ शकते. आणि प्लास्टिकवर ठळक अक्षरात "डावी" छापतो. सीटीच्या चित्रात रुग्णाची डावी बाजू आपल्या उजवीकडे दिसते. घाईत उलटं होऊ शकतं. वीज गेली तर प्रिंटर थांबल्या जागेपासून पुढे सुरू होतो, पण त्या थरावर शिवण राहते, तिथे मॉडेल पिचकतं. म्हणून इन्व्हर्टरवरच लावतो.

---

एक_वऱ्हाडी · बुधवार, रात्री ९:३०

कुरोडीच्या सोऱ्यावरून पोरग्याले एका मिनिटात समजलं भाऊ. त्यानं रातीच ते फुकटवालं सॉफ्टवेअर उतरवलं. त्याच्या आबाजीची जुनी सीडी होती, पडले होते तवाची. तिच्यातून कवटी वर आली स्क्रीनवर. आबाजी खाटेवरून उठून आले पाहाले. बम वेळ पाहत बसले.

---

वर्धाकाठची · गुरुवार, संध्याकाळी ७:००

काकाजींचं ऑपरेशन परवा झालं, इथे सांगायचं राहिलं. डोळ्याखाली जाळी बसली. सूज आहे, त्यामुळे डोळा किती वर आला ते आत्ताच कळणार नाही म्हणाले. टाळूची नवी पट्टीही त्याच सीटीवरून आणि तोंडाच्या मापावरून दातांचे डॉक्टर करणार आहेत. काल नळीनं पाणी दिलं, आज चमच्यानं पेज. मॉडेल काकूनं दवाखान्यातून मागून आणलंय. देव्हाऱ्याच्या बाजूच्या फडताळात ठेवलंय, उन्हापासून लांब. रीळभाऊंचं वाचून मीच सांगितलं तिला.

मिरचीची_ओळ ताई, जाऊबाईंचं काय झालं?

---

मिरचीची_ओळ · गुरुवार, रात्री १०:१५

बाटलीत पाणी धरलं, भाऊजी उद्या नागपूरला घेऊन चाललेत. सीडी दोन दिवस सापडत नव्हती. आज धान्याच्या कोठीमागं, पोळ्याच्या झुलींच्या गाठोड्यात निघाली. पोरांनी चमकते म्हणून बैलांच्या सजावटीत बांधली होती. मधोमध एक ओरखडा आहे. पुतण्यानं लॅपटॉपवर उघडली तर आत दोन-अडीचशे फाइली आहेत, नुसती आकड्यांची नावं. फोटो एकही उघडत नाही. खराब झाली असेल का हो?

---

सीटीवाला · गुरुवार, रात्री १०:२२

खराब झालीच असं नाही ताई. डायकॉम फाइली साध्या फोटोसारख्या उघडत नाहीत, त्याच असाव्यात. आधी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, सीडी परत घालू-काढू नका. मग पुतण्याला म्हणावं ते थ्रीडी स्लायसर उतरव, एक फाइल उघड आणि माहितीच्या रकान्यात स्लाइस थिकनेस बघ. आकडा इथे लिहा.

---

मिरचीची_ओळ · गुरुवार, रात्री ११:४०

उतरल्या सगळ्या. आकडा ०.६२५ दाखवते.

---

नाकामागची_वाट · गुरुवार, रात्री ११:४४

पातळ आहे, चालेल. पेन ड्राइव्ह आणि ती बाटली दोन्ही सोबत द्या. बाटलीवर नाव, तारीख आणि "उजवी नाकपुडी" असं लिहा.